अठरांपैकी सतरा : एका प्रसिद्ध पुराव्याची फेरतपासणी

शिक्षकांच्या शिबिरांत गुणसूत्रांवर बोलायला आम्हाला वरचेवर बोलावतात. एक्सएक्स म्हणजे मुलगी आणि एक्सवाय म्हणजे मुलगा, हे सगळ्यांनीच वर्गात शिकवलेले असते. म्हणून आम्ही त्याच्या पुढचा प्रश्न घेतो. शरीर कसे घडते ते कळले, पण ‘मी मुलगा आहे’ किंवा ‘मी मुलगी आहे’ ही मनातली जाणीव कोण घडवते? संप्रेरके की समाज? या प्रश्नाच्या उत्तरादाखल बरीच वर्षे आम्ही एकच गोष्ट सांगत आलो.

गोष्ट अशी. डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशाच्या नैर्ऋत्येला सालिनास नावाचे खेडे आहे. तिथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसतात. त्यांना मुलीचे नाव आणि मुलीचे कपडे मिळतात. बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र त्यांचा आवाज फुटतो, स्नायू भरतात, शिश्न वाढते आणि ती चक्क पुरुष होतात. गावकरी त्यांना ‘गेवेदोसेस’ म्हणतात. त्या शब्दाचा ढोबळ अर्थ ‘बाराव्या वर्षी पुरुष होणारा’. मुलगी म्हणून वाढवलेल्या अशा अठरा जणांचा अभ्यास झाला तेव्हा सतरा जणांनी स्वतःला पुरुष मानल्याचे आढळले. इथे आम्ही थोडे थांबत असू आणि मग निष्कर्ष सांगत असू : बारा वर्षांच्या संगोपनावर संप्रेरकांनी मात केली.

एका शिबिरात, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “त्या गावात मुलगी राहून काय मिळत होतं आणि मुलगा होऊन काय मिळत होतं, ते तुम्ही सांगितलंच नाही. उद्या आमच्या वर्गात सांगितलं की असं बदलता येतं, तर निम्म्या मुली हात वर करतील. ते काय संप्रेरकांमुळे?” सगळे हसले, आम्हीही हसलो, आणि उत्तर न देताच पुढच्या पारदर्शिकेकडे वळलो. पण प्रश्न काही मनातून जाईना. घरी आल्यावर लक्षात आले की ही गोष्ट आम्ही इतरांच्या लेखांतून उचलली होती, मूळ निबंध कधी नीट वाचलेच नव्हते. पुढचा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

निबंधात काय आहे?

ज्युलिअन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांविषयी पहिला निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याचा जीवरसायनाचा भाग नमुनेदार आहे आणि त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. या मुलांची गुणसूत्रे एक्सवाय असतात. त्यांना वृषणे असतात आणि ती टेस्टोस्टेरॉन नीट तयार करतात. परंतु गर्भाचे बाह्य जननेंद्रिय पुरुषासारखे घडायला टेस्टोस्टेरॉन पुरे पडत नाही. फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज नावाचे विकर त्याचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात करते, आणि ते घडण त्याच्यामुळे होते. हे विकर कमी पडले तर आत वृषणे असूनही बाहेरून बाळ मुलीसारखे दिसते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचा लोंढा येतो आणि आवाज, स्नायू, शिश्नाची वाढ ही कामे बऱ्याच अंशी तोच पार पाडतो. हा दोष अप्रभावी असल्यामुळे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच दिसतो. म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या लहान, एकाकी वस्तीत अशी मुले अधिक सापडतात. या संशोधनाचा उपयोगही झाला. त्या विकराला अडवणारे फिनास्टेराइड हे औषध पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर अमेरिकेत १९९२ पासून वापरात आले.

आमचा आक्षेप दुसऱ्या निबंधापासून सुरू होतो. तो १९७९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. विषय होता या मंडळींची लैंगिक ओळख. अठरांपैकी सतरा हा आकडा इथला. पण त्याच वाक्यात दुसराही एक आकडा आहे, तो आम्ही कधी सांगितला नाही. पुरुषाची ओळख सतरा जणांनी स्वीकारली, पुरुषाची भूमिका मात्र सोळा जणांनी. म्हणजे एक व्यक्ती स्वतःला स्त्रीच मानत राहिली, आणि आणखी एक स्वतःला पुरुष मानूनही गावात स्त्री म्हणूनच वावरत राहिली. शिवाय निष्कर्षाला एक अट जोडलेली आहे. आजूबाजूच्या समाजाने फारशी आडकाठी केली नाही आणि वयात येताना होणारा बदल होऊ दिला, तर संप्रेरकांचा कौल संगोपनावर मात करतो, असे लेखकांचे म्हणणे आहे. आता ‘समाजाने आडकाठी केली नाही तर’ ही अट ज्या वाक्यात आहे, ते वाक्य समाजाचा प्रभाव नाही असे सांगते, असे कसे म्हणता येईल? अट गाळून निष्कर्ष सांगितला ही चूक आमची, आणि आमच्याआधी ज्यांच्याकडून आम्ही गोष्ट उचलली त्यांची.

संप्रेरक आधी कोणाला दिसते?

लेखकांवर मात्र दोन आक्षेप घ्यावे लागतात.

पहिला, ही मुले ‘निःसंशय मुलगी म्हणून’ वाढली, या गृहीतकावर. ज्या गावात या प्रकाराला नाव पडलेले आहे, तिथे सगळ्याच आयांना आणि सुइणींना काहीच शंका येत नसेल असे मानणे कठीण आहे. नाव आहे याचा अर्थ अपेक्षा आहे. या मुलांचा वृत्तांत मोठेपणी, त्यांच्या आणि नातेवाइकांच्या आठवणींवरून गोळा केलेला आहे. पुरुष म्हणून जगणारा माणूस आपल्या बालपणातून काय आठवतो आणि काय विसरतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पुढे तर गावाला हा प्रकार चांगलाच ओळखू येऊ लागला, आणि नंतरची काही मुले सुरुवातीपासूनच मुलगी म्हणून वाढवली गेली नाहीत. म्हणजे नावाने संगोपनच बदलले.

दुसरा आक्षेप आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण आठवीच्या मुलांनाही सांगतो. रोपाला पाणी कमी केले आणि त्याच दिवशी ते सावलीतही ठेवले, तर ते कशाने वाळले हे सांगता येत नाही. इथे तेच झाले आहे. टेस्टोस्टेरॉन मेंदूपर्यंत पोचते हे खरे. पण ते घशापर्यंत, खांद्यांपर्यंत आणि जननेंद्रियापर्यंतही पोचते. आवाज फुटलेली ‘मुलगी’ आईला दिसते, शेजाऱ्यांना दिसते, नदीवर आंघोळीला आलेल्या मैत्रिणींना दिसते आणि तिची तिलाही दिसते. त्या दिवसापासून तिच्याशी कोणीच पूर्वीसारखे वागत नाही. मग तिच्या मनात झालेला बदल संप्रेरकाने थेट मेंदूत केला, की संप्रेरकाने शरीर बदलले, शरीराने गाव बदलले आणि गावाने मन बदलले? दोन्ही वाटांचा शेवट तोच सतरा हा आकडा आहे. या आकडेवारीवरून एक वाट निवडता येत नाही.

यात बाईंचा प्रश्नही आलाच. सालिनासमध्ये मुलगे हिंडत-फिरत, शेतावर आणि गुरांमागे जात, मोठे झाल्यावर पुरुषांच्या करमणुकींत सामील होत. मुली घराजवळ आईच्या हाताखाली असत. ज्या बदलानंतर मोकळीक वाढते, तो बदल स्वीकारणे सोपे जाते. तरीही बाईंच्या म्हणण्याला आम्हाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. मोकळिकीसाठी हात वर करणे आणि स्वतःला मुलगा समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या वर्गातल्या बहुतेक मुली मुलगी राहूनच ती मोकळीक मागत असणार. म्हणून सवलतींवरून सगळे उलगडते असेही नाही.

तेच विकर, दुसरा समाज

अशा वेळी विज्ञानात एकच उपाय असतो : तोच जैविक घटक वेगळ्या परिस्थितीत पाहणे. सुदैवाने तशी संधी मिळाली. पापुआ न्यू गिनीच्या पूर्व डोंगराळ भागातल्या एका जमातीत याच विकराची कमतरता आढळते. मानवशास्त्रज्ञ गिल्बर्ट हर्ड्ट यांनी १९७०च्या दशकापासून तिचा अभ्यास केला आणि लेखनात तिला ‘साम्बिया’ हे टोपणनाव दिले. १९९० साली ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’मध्ये त्यांनी डोमिनिकन निष्कर्षावर सविस्तर टीका केली.

साम्बियांच्या भाषेत या मुलांसाठी स्वतंत्र शब्द आहे. स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर हा तिसरा प्रकार तिथल्या सुइणींना माहीत असतो. जन्माच्या वेळीच ओळखू आलेली मुले बहुधा मुलग्यांच्या बाजूने वाढतात, पण पुरुषांच्या दीक्षाविधींत त्यांना सगळीच दारे उघडी नसतात. काही मुले मात्र चुकून मुली समजली जातात. त्यांच्या बाबतीत डोमिनिकन गोष्टीप्रमाणे वयात येताच मन पालटायला हवे होते. तसे सहज घडले नाही. लग्न झाल्यावर नवऱ्याला उलगडा झाला, बोभाटा झाला आणि स्त्री म्हणून राहणेच अशक्य झाले, तेव्हा त्यांनी पुरुषाचे जगणे पत्करले, तेही बहुधा दूरच्या गावी जाऊन. हर्ड्ट यांचे म्हणणे असे की हा बदल आतल्या उर्मीपेक्षा बाहेरच्या कोंडीमुळे झाला.

आता तराजू दुसऱ्या बाजूलाही लावला पाहिजे. हर्ड्ट यांच्याकडची उदाहरणे मोजकी आहेत, आणि तीही आठवणींवरच आधारलेली आहेत. समाजानेच सगळे घडवले असे त्यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की विकराची तीच कमतरता दोन समाजांत दोन वेगळी आयुष्ये घडवते. पण डोमिनिकन गोष्ट आपण ज्या ठामपणे सांगत होतो, तो ठामपणा काढून घ्यायला तेवढे पुरे आहे.

विनिपेगचे जुळे

उलट दिशेची गोष्टही अशीच गाजली आहे. जॉन मनी हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. जन्मतः मूल लैंगिक ओळखीच्या दृष्टीने कोरे असते आणि पहिल्या दोनेक वर्षांत संगोपन ती ठरवते, असे ते १९५०च्या दशकापासून मांडत होते. कॅनडातल्या विनिपेग शहरात १९६५ साली जन्मलेल्या जुळ्या मुलग्यांपैकी एकाचे शिश्न सुंता करताना झालेल्या अपघातात नष्ट झाले. मनी यांच्या सल्ल्याने १९६७ साली, बाविसाव्या महिन्यात, त्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याला मुलगी म्हणून वाढवायला सुरुवात झाली. एरहार्ट यांच्याबरोबर लिहिलेल्या १९७२ सालच्या पुस्तकात मनींनी हा प्रयोग यशस्वी झाल्याचे सांगितले आणि पाठ्यपुस्तकांनी ते उचलले. प्रत्यक्षात ते मूल लहानपणापासून मुलीचे कपडे आणि खेळ नाकारत होते. चौदाव्या वर्षी खरी हकिकत कळताच त्याने मुलगा म्हणून जगायचे ठरवले आणि डेव्हिड हे नाव घेतले. मिल्टन डायमंड आणि कीथ सिगमंडसन यांनी १९९७ साली ही वस्तुस्थिती प्रसिद्ध केली. पुढे डेव्हिड रायमर यांनी स्वतःच्या नावानिशी ती जगाला सांगितली. २००४ साली त्यांनी आत्महत्या केली. भावाचा मृत्यू, नोकरी, संसार अशी अनेक दुःखे त्यांच्यामागे होती. त्या मृत्यूचा कोणत्याही बाजूने पुरावा म्हणून वापर करू नये, असे आम्हाला वाटते.

१९९७ नंतर लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला. ‘पाहा, सगळे संप्रेरकच ठरवतात’ असे लिहिले जाऊ लागले. इथे तर्काची एक साधी गोष्ट विसरली गेली. ‘दोन वर्षांच्या आतल्या कोणत्याही मुलाला हवी ती ओळख देता येते’ हा सरसकट दावा एका विरुद्ध उदाहरणाने कोसळतो, तसा तो कोसळला. पण एका उदाहरणाने उलटा सरसकट दावा उभा राहत नाही. त्यातून हे संगोपन तरी सर्वसाधारण होते का? आई-वडिलांना सत्य ठाऊक होते, शेजारी जुळा भाऊ वाढत होता, आणि मुलीसारखे वागावे यासाठी मुलाला वारंवार डॉक्टरांसमोर नेले जात होते.

पुढच्याच वर्षी, १९९८ साली, ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात कॅनडातलेच आणखी एक प्रकरण प्रसिद्ध झाले. सुंतेच्या वेळी तसाच अपघात, वय दोन महिने. सातव्या महिन्यात मुलगी म्हणून संगोपनाचा निर्णय. सव्विसाव्या वर्षी ती व्यक्ती स्वतःला स्त्रीच मानत होती. मात्र तिचा व्यवसाय असा होता की ज्यात जवळजवळ सगळे पुरुषच असतात, आणि तिला स्त्रिया व पुरुष दोघांचेही आकर्षण होते. हे प्रकरण भाषणांत फारसे कोणी सांगत नाही, कारण ते कोणाच्याच बाजूने नीट उभे राहत नाही. आमच्या मते तेच सगळ्यांत बोधप्रद आहे. ओळख, भूमिका आणि लैंगिक कल या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच दाव्याला बांधलेल्या नसतात, हे त्यातून स्पष्ट दिसते.

याहून मोठा नमुना २००४ साली रायनर आणि गिअरहार्ट यांनी दिला. जन्मजात व्यंगामुळे शिश्न न घडलेल्या, पण एक्सवाय गुणसूत्रे असलेल्या चौदा मुलांना जन्मानंतर लगेच मुली ठरवण्यात आले होते. त्यांपैकी आठ जणांनी पुढे आपण मुलगे असल्याचे सांगितले. बाकीच्यांनी तसे सांगितले नाही. गर्भावस्थेतल्या संप्रेरकांचा हात आहे हे इथे नाकारता येत नाही. ती एकटीच सगळे ठरवतात, हेही म्हणता येत नाही.

मग समाज काय करतो?

एवढ्या वाचनानंतर आम्हाला असे वाटते की ‘संप्रेरके की समाज’ हा आमचा प्रश्नच नीट मांडलेला नव्हता. समाज मनात ओळख ओततो असे दिसत नाही. तसे असते तर डेव्हिड मुलगी झाला असता. पण आपल्याला जे वाटते त्याला कोणते नाव द्यायचे, ती नावे समाज पुरवतो. साम्बियांकडे तीन आहेत, विनिपेगच्या डॉक्टरांकडे दोनच होती. नाव बदलायची मुभा कोणाला, कोणत्या वयात आणि काय किंमत देऊन, हे समाज ठरवतो. सालिनासमध्ये ती किंमत कमी होती, साम्बियांत गाव सोडावे लागले. आणि शरीरावरची कोणती खूण निर्णायक मानायची, हेही समाजच ठरवतो.

या शेवटच्या मुद्द्यात वैज्ञानिकही येतात. शिश्न नसलेले बाळ पुरुष म्हणून जगूच शकणार नाही, हा मनी यांच्या काळच्या डॉक्टरांचा निष्कर्ष कुठल्या प्रयोगातून आला होता? कुठल्याच नाही. पुरुषपण म्हणजे काय याविषयीची ती त्यांच्या समाजाची समजूत होती. शिश्न घडवण्यापेक्षा योनिमार्ग घडवणे शस्त्रक्रियेला सोपे, ही सोयही तिच्या मदतीला आली. समाजाचा प्रभाव मोजायला निघालेल्या शास्त्रज्ञांच्या हातातली मोजपट्टीच समाजाने आखून दिलेली होती. त्या पट्टीने मोजून अनेक तान्ह्या बाळांवर, त्यांना काहीच विचारता येत नसताना, न पुसता येणाऱ्या शस्त्रक्रिया झाल्या. जिवाला धोका नसेल तर तान्ह्या मुलांवर अशा शस्त्रक्रिया करू नयेत, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. त्याआधी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. प्रयोगशाळेतले वाद कोणाच्या अंगावर येऊन पडतात, हे यावरून कळावे.

शिक्षकांनी वर्गात यातले काय सांगावे? लहान वर्गांना हे सगळे नकोच. पण नववी-दहावीला ‘एक्सवाय म्हणजे मुलगा’ या वाक्यात ‘बहुतेक वेळा’ हे दोन शब्द घालायला काय हरकत आहे? गुणसूत्र, ग्रंथी, संप्रेरक, शरीर, मिळालेले नाव आणि मनातली जाणीव ही एक लांब वाट आहे, आणि तिच्या प्रत्येक वळणावर फाटा फुटू शकतो, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. ज्याच्या चालण्या-बोलण्यावरून वर्ग हसतो असे एखादे मूल मागच्या बाकावर बसलेले असते. विज्ञान आपल्याला चूक ठरवत नाही, हे त्याला विज्ञानाच्याच तासाला कळायला हवे. आणि मोठ्या मुलांसमोर अठरांपैकी सतरा हा आकडा मांडून, याची आणखी किती स्पष्टीकरणे देता येतील असे जरूर विचारावे. प्रयोगातला एकच घटक बदलण्याचा नियम त्यातून जितका पक्का होतो, तितका रोपांच्या कुंड्यांमधून होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

डोमिनिकन गोष्ट आम्ही अजूनही सांगतो. फक्त आता ती त्या बाईंच्या प्रश्नासकट सांगतो, आणि तो प्रश्न आधी सांगतो.